होडीमागचे यंत्र

आनेकल हे बेंगळुरूच्या दक्षिणेस सुमारे पस्तीस किलोमीटरांवर, तामिळनाडूच्या सीमेला टेकून वसलेले तालुक्याचे गाव. कन्नडमध्ये आनेकल्लु म्हणजे आकाशातून पडणारी गार. गावाच्या नावात असे पाणी आहे; पण ज्यात नाव चालावी अशी नदी जवळपास नाही. आहेत ती तळी. पूर्वीच्या लोकांनी बांध घालून अडवलेली, वरच्या तळ्याचे पाणी सांडून खालच्या तळ्यात जावे अशा हिशेबाने मांडलेली. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाने होडीच्या मोटरीचा इतिहास सांगावा, हे श्रोत्यांना काहीसे चमत्कारिक वाटेल. परंतु ५ सप्टेंबर २०२२ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत बेंगळुरूत १३१.६ मिलिमीटर पाऊस झाला. तळ्यांची ती जुनी साखळी जेथे जेथे इमारतींनी तोडली होती, तेथे तेथे पाणी रस्त्यावर उतरले. आमच्या तालुक्यातील सर्जापूर गावाचे नाव धारण करणाऱ्या रस्त्यावरच्या वसाहतींतून माणसे ट्रॅक्टरांत आणि रबरी होड्यांत बसवून बाहेर काढावी लागली. नदी नसलेल्या मुलखातही होडी लागते, हे त्या दिवशी अनेकांना प्रथमच कळले.

होडी मागवताना आपण तिच्यामागे टांगलेले यंत्र गृहीत धरतो, आणि ते चालेल हेही गृहीत धरतो. हे दुसरे गृहीत तपासून पाहण्यासारखे आहे.

या यंत्रापूर्वी आपल्याकडे पाणी ओलांडण्याची साधने पुष्कळ होती. कर्नाटकातील नद्यांवर बांबूच्या कामट्यांची, कातड्याने मढवलेली गोल होडी चाले; तिला हरिगोलु म्हणतात. कृष्णा-पंचगंगेच्या काठी भोपळे एकत्र बांधून सांगड करीत, आणि महापुरात तर गुऱ्हाळावरची काहील, म्हणजे ज्यात उसाचा रस आटवायचा ती भली मोठी कढई, पाण्यात सोडून तिच्यातून म्हातारीकोतारी माणसे पलीकडे नेत. या साधनांना वेग नव्हता, प्रवाहापुढे त्यांचे फारसे चालतही नसे. तथापि त्यांचा एक गुण विसरता येत नाही. त्यांत जो बिघाड होई तो वापरणाऱ्याला डोळ्यांनी दिसे आणि त्याच्याच हातांनी दुरुस्त होई. कामटी मोडली तर कामटी घालावी, कातडे फाटले तर टाका मारावा. बिघाड दिसत नाही, ऐकूही नीट येत नाही, फक्त होडी चालत नाही, ही अवस्था यंत्राबरोबर आली.

होडीच्या पिछाडीला अडकवायचे आणि काम झाले की काढून घरी न्यायचे असे यंत्र प्रथम विजेवर चालले, ही गोष्ट आज विजेच्या मोटरींचे कौतुक ऐकताना मौजेची वाटते. पॅरिसमधील गुस्ताव त्रूवे या कुशल कारागिराने १८८१ मध्ये सेन नदीवर एक लहान नौका चालवून दाखवली. तिची मोटर सुकाणूलाच जोडलेली होती आणि सुकाणूसकट उचलून काढता येत असे. बॅटरीचे ओझे आणि तिची अल्प क्षमता यांमुळे तो मार्ग पुढे सरकला नाही. नंतर पेट्रोलचे इंजिन लहान झाले, दुचाकीवर बसू लागले, आणि मग ते होडीवर बसवण्याचा विचार एकाहून अधिक डोक्यांत आला. अमेरिकेतील कॅमेरॉन वॉटरमन या कायद्याच्या पदवीधराने १९०५ साली डेट्रॉइट नदीत आपले यंत्र चालवून पाहिले. पंख्याला गती देण्यासाठी त्याने आरंभी साखळी वापरली होती. नदीतले बर्फाचे तुकडे तिच्यात अडकले, तेव्हा साखळीऐवजी नळीत बंद असलेला उभा दांडा घ्यावा लागला. ‘आऊटबोर्ड’ हे नाव रूढ करण्याचे श्रेयही बहुधा त्यालाच दिले जाते.

पण या यंत्राला घरोघर नेले ते ओले एव्हिनरूड याने. १८७७ साली नॉर्वेत जन्मलेला हा मुलगा आईवडिलांबरोबर अमेरिकेतील विस्कॉन्सिन प्रांतात आला, यंत्रशाळांतून काम शिकला, आणि १९०९ मध्ये मिलवॉकी शहरात त्याने आपली मोटर विक्रीस काढली. आइस्क्रीम आणण्यासाठी उन्हात तळ्यावर वल्ही मारावी लागली आणि परत येईपर्यंत ते वितळून गेले, त्यातून ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिकेपेक्षा यंत्राची रचना अधिक बोलकी आहे. दीड अश्वशक्तीचे, सुमारे अठ्ठावीस किलो वजनाचे ते इंजिन. सिलिंडर आडवा, त्याचा मुख्य दांडा उभा. दांडा खाली पाण्यात उतरतो, तेथे तिरप्या दात्यांची दोन चाके त्याची फिरकी काटकोनात वळवतात आणि पंखा फिरू लागतो. आज शंभर-दीडशे अश्वशक्तीची मोटर उघडून पाहिली तरी सांगाडा हाच. शंभर वर्षांहून अधिक काळ ज्याचा सांगाडा बदलावा असे कोणास वाटले नाही, अशी यंत्रे फार नाहीत.

धंद्याची बाजू ओलेची पत्नी बेस सांभाळीत असे. वल्ही फेकून द्या, असा सल्ला देणारी जाहिरात तिनेच लिहिली. जाहिरात फार यशस्वी झाली, सल्ला मात्र अगदी वाईट होता. आजही कोणत्याही बचावपथकाच्या होडीत मोटर कितीही नवी असली तरी वल्ही ठेवल्याखेरीज ती पाण्यात सोडीत नाहीत. बेसची प्रकृती बिघडली म्हणून १९१४ मध्ये त्यांनी धंदा विकला, आणि काही वर्षांनी अॅल्युमिनिअमची, वजनाने हलकी आणि शक्तीने दुप्पट अशी दोन सिलिंडरांची मोटर घेऊन ते पुन्हा बाजारात उतरले. बेस १९३३ मध्ये गेली, ओले १९३४ मध्ये. त्याच्या नावाची मोटर त्यानंतर पाऊणशे वर्षांहून अधिक काळ निघत राहिली. २०२० साली ते उत्पादन थांबले.

त्या आरंभीच्या मोटरी आजच्या मानाने फार हट्टी होत्या. फ्लायव्हीलवर एक मूठ असे, ती धरून चाक हाताने फिरवायचे. इंजिन उलट्या बाजूला उसळले की मूठ बोटांवर बसे. पुढे चाकाला दोर गुंडाळून ओढण्याची पद्धत आली, फ्लायव्हीलमध्येच चुंबक बसवून ठिणगी पाडण्याची सोय झाली, आणि बॅटरीची पेटी होडीतून गेली. परंतु माझ्या मते या सर्व सुधारणांहून शहाणपणाची वस्तू म्हणजे पंख्याच्या दांड्यातून आरपार घातलेली एक मऊ धातूची पिन. शिअर पिन तिचे नाव. पंखा खडकावर किंवा बुडालेल्या लाकडावर आपटला तर दात्यांची चाके फुटू नयेत, दांडा वाकू नये, म्हणून ही पिन मुद्दाम दुबळी केलेली असते. ती तुटते आणि बाकी सारे वाचते. जवळ दुसरी पिन आणि एक पक्कड असली की दहा मिनिटांत होडी पुन्हा चालू. तळ्याच्या मध्यावर कारागीर मिळणार नाही, जो आहे तो होडीत बसलेला माणूसच, हे ओळखून यंत्र घडवणाऱ्यांनी ही तजवीज केली होती. नव्या मोटरींत पुष्कळदा पिनेऐवजी पंख्याच्या तुंब्यात रबर असते; तेही जोराचा धक्का बसला की घसरते. सोय झाली खरी, पण रबर होडीत बसून बदलता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धात या खेळण्यासारख्या यंत्राला सैन्यात मान मिळाला. मार्च १९४५ मध्ये ऱ्हाइन नदी ओलांडताना दोस्तांच्या तुकड्यांनी आऊटबोर्ड लावलेल्या लहान होड्या वापरल्या. लष्करी अभियंत्यांच्या शिक्षणात पाण्यावरचे काम तेव्हापासून पक्के बसले. बेंगळुरूत हलसूरच्या तळ्याकाठी मद्रास सॅपर्सचे केंद्र आहे, पुण्यास खडकीला बॉम्बे सॅपर्सचे. पूर आला की जिल्हाधिकारी सैन्याला हाक मारतात याचे एक कारण शिस्त हे आहेच. दुसरे असे की त्यांच्या मोटरी वर्षभर पाण्यात उतरत असतात.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर यंत्र आले ते निराळ्या वाटेने. भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात १९५२ साली करार झाला आणि केरळात कोल्लमजवळ नीण्डकरा येथे मच्छीमारीच्या सुधारणेचा प्रकल्प उभा राहिला. तेथील देशी होड्यांनाच यंत्र बसवावे असा आरंभीचा विचार होता. तो साधला नाही, म्हणून आत डिझेल इंजिन असलेल्या नव्या नौका बांधण्यात आल्या. येथे एक गंमत ध्यानात येते. नॉर्वेच्या तज्ज्ञांना जो प्रश्न सुटला नाही त्याचे उत्तर नॉर्वेतच जन्मलेल्या एका कारागिराने कित्येक दशके आधी विक्रीस ठेवलेले होते. पण ते केरळच्या होडीला लागायला १९८० साल उजाडावे लागले. त्या सुमारास अलप्पुळा जिल्ह्यातील पुरक्काडकडच्या कोळ्यांनी आपल्या फळ्यांच्या होड्यांना जपानी आऊटबोर्ड लावल्या, आणि थोड्याच वर्षांत तो प्रकार किनाराभर पसरला.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर असे का झाले नाही? सातपाटी, वसई, वर्सोवा या बाजूच्या कोळ्यांनीही नौकांना यंत्रे बसवली, पण बहुतांशी आतली, डिझेलवर चालणारी. याचे उत्तर किनाऱ्याच्या घडणीत आहे. उत्तर कोकणात खाड्या आहेत, तेथे नौका पाण्यातच उभी राहते. डोल जाळ्यांसाठी लागणारी नौकाही मोठी. केरळात नौका लाटांतून सरळ वाळूवर ओढून घ्यावी लागते. आतल्या इंजिनाचा पंखा तळाशी पक्का असतो, तो वाळूत मोडेल. आऊटबोर्ड मात्र वाळू लागण्यापूर्वी उचलून तिरपी करता येते, आणि दोघांनी मिळून खांद्यावर घरी नेता येते. दक्षिणेकडे मालवण, तारकर्ली, देवबाग या वाळूच्या किनाऱ्यांवर लहान होड्यांमागे आऊटबोर्ड सर्रास दिसते, त्याचे कारण हेच. यंत्राची निवड सरकारी योजना करतात असे आम्हा अधिकाऱ्यांना वाटत असते. प्रत्यक्षात ती पुष्कळदा वाळूच करते.

केरळच्या कोळ्यांनी या यंत्राला घासलेटावर चालायला शिकवले, असे म्हटले तरी चालेल. पेट्रोल महाग, म्हणून मोटर पेट्रोलवर सुरू करायची, तापली की घासलेटावर न्यायची, आणि बंद करण्यापूर्वी काही क्षण पुन्हा पेट्रोलवर आणायची. हा शेवटचा क्षण महत्त्वाचा. तो चुकला तर कार्ब्युरेटरमध्ये घासलेट राहते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे थंड इंजिनात ते पेट घेत नाही. घासलेटाने प्लग काळा पडतो, काजळी धरते, म्हणून प्लग वरचेवर काढून साफ करावा लागतो. शाळेचे तोंड न पाहिलेली मुले हे सारे नुसत्या आवाजावरून ओळखू लागली. कोणत्याही पुस्तकात नसलेली ही विद्या दहा वर्षांत एका किनाऱ्यावर पसरली, कारण मोटर बंद पडली तर त्या दिवशी चूल पेटणार नव्हती.

ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात महापूर आला तेव्हा या विद्येची किंमत सर्वांना कळली. किनाऱ्यावरचे मच्छीमार आपल्या होड्या ट्रकांवर चढवून आतल्या गावांकडे निघाले. सरकारी आकड्यांप्रमाणे साडेसहाशेंहून अधिक होड्या आणि साडेचार हजारांवर मच्छीमार त्या कामात होते, आणि त्यांनी सुमारे पासष्ट हजार माणसे बाहेर काढली. त्यांच्या धैर्याविषयी पुष्कळ लिहिले गेले, आणि ते योग्यच होते. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या मोटरी आदल्या आठवड्यात समुद्रात होत्या. त्यांच्या टाकीत ताजे इंधन होते, प्लग साफ होता, आणि दोर ओढणाऱ्याला आपली मोटर कितव्या ओढीला लागते हे ठाऊक होते.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, कृष्णा आणि पंचगंगा पात्र सोडून वाहू लागल्या. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांच्या वर गेले. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्टला क्षमतेहून अधिक माणसे घेतलेली होडी उलटली आणि डझनाहून अधिक जीव गेले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके, सैन्य, नौदल सारे आले. हे दल २००६ साली उभे राहिले, त्याच्या आदल्या वर्षी आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला, आणि तेव्हापासून पूरप्रवण भागांत होड्या व मोटरी आधीच घेऊन ठेवण्याची पद्धत रुळत गेली. पद्धत चांगली आहे. तिच्यात एक छिद्र आहे, ते माझ्या खात्यातील माणसांनाच दिसेल असे आहे, म्हणून सांगतो.

आपल्या प्रशासनाच्या मराठीत डेड स्टॉकला जडसंग्रह म्हणतात. टेबल, खुर्ची, कपाट, पंखा, तिजोरी यांची नोंद जडसंग्रह नोंदवहीत होते, आणि वर्षातून एकदा कोणी तरी येऊन वस्तू जागेवर आहे की नाही ते पाहून सही करतो. होडीची मोटरही याच वहीत जाते. महाराष्ट्रातील एका कचेरीत, तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, मी अशी मोटर पाहिली. कोठीच्या कोपऱ्यात, लाकडी घोडीवर, वर ताडपत्री. वहीत सहा वर्षांच्या सहा सह्या आणि प्रत्येकीपुढे ‘सुस्थितीत’ हा शब्द. टेबल सुस्थितीत आहे हे पाहून कळते. मोटर सुस्थितीत आहे हे पाहून कळत नाही, दोर ओढून कळते. सहा वर्षांत तो कोणी ओढला नव्हता. मी कोठीच्या कारकुनाला तसे विचारले तेव्हा तो म्हणाला, “साहेब, काही बिघडलं असतं तर दिसलं नसतं का?”

न वापरता ठेवलेल्या मोटरीत काय होते, ते थोडक्यात सांगण्यासारखे नाही; जरा विस्तारानेच सांगितले पाहिजे. पेट्रोलचा उडून जाणारा अंश उडून जातो आणि कार्ब्युरेटरच्या केसासारख्या छिद्रांत लाखेसारखा चिकट थर बसतो. दोन-धावी इंजिनात पेट्रोलमध्येच तेल मिसळलेले असते, त्यामुळे हा थर अधिकच दाट. अलीकडे यात नवी भर पडली आहे. आपल्या देशात २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला गेला. मोटारगाडीचे पेट्रोल आठवड्या-दोन आठवड्यांत संपते, तिला याची झळ कमी. पण इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते, आणि ओल पुरेशी झाली की पाणी व मद्यार्क पेट्रोलपासून फुटून टाकीच्या तळाशी बसतात. इंधनाची नळी तळातूनच ओढते. तेव्हा हंगाम संपला की टाकी रिकामी करावी, नळी काढून घेऊन मोटर आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावी, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. नव्या हंगामाला नवे इंधन घ्यावे. बहुतेक दोन-धावी मोटरींत आता पन्नासास एक हे तेलाचे प्रमाण चालते, म्हणजे लिटरला वीस मिलिलिटर. जुन्या मोटरींना याच्या दुप्पट लागे, म्हणून मोटरीवरची पट्टी वाचावी. तेल पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचे असावे. स्कूटरचे तेल घालून काम भागवणारे पुष्कळ आहेत. त्यांचा प्लग आणि त्यांचा संयम दोन्ही लवकर संपतात.

दुसरे ठिकाण पाण्याच्या पंपाचे. आऊटबोर्डचे इंजिन बाहेरच्याच पाण्याने थंड होते. ते पाणी वर खेचणारे, रबरी पात्यांचे एक लहान चक्र पाण्याखालच्या भागात असते. त्याला इंपेलर म्हणतात. वर्षानुवर्षे एकाच स्थितीत दबून राहिले की रबर तसेच वाकडे आणि कडक होते. आणि येथेच कोठीतल्या मोटरीचा सर्वांत वाईट शत्रू भेटतो: तपासणीस आलेल्या साहेबाला दाखवण्यासाठी घोडीवरच, पाण्याविना ती सुरू करणारा उत्साही माणूस. पाण्याविना ते रबर काही क्षणांत जळू लागते. साहेब समाधानाने परत जातात आणि मोटर पुराच्या दिवशी तापून आवळते. मोटर तपासायची तर पाण्याने भरलेल्या मोठ्या पिंपात, पाणी खेचण्याची छिद्रे बुडतील इतके खाली सोडून. चालू झाली की मागच्या बाजूने पाण्याची बारीक धार सुटली पाहिजे. ती धार ही या यंत्राची नाडी होय. पुराच्या पाण्यात चिखल फार. धार बारीक झाली किंवा थांबली तर मोटर लगेच बंद करावी, धारेच्या छिद्रात बारीक तार घालून पाहावी, पाणी खेचण्याच्या जाळीवरचा पाला काढावा.

मोटर पाण्यात असताना बंद पडली तर मनुष्य प्रथम दोर ओढत राहतो. पाचसहा ओढी झाल्यावर थांबावे, कारण तोपर्यंत आतला प्लग इंधनाने भिजून गेलेला असतो. आधी पाहावे ते टाकीच्या झाकणावरच्या हवेच्या स्क्रूकडे. तो आवळलेला असला तर टाकीत हवा जात नाही आणि काही मिनिटांनी इंधन येणे थांबते. मोटर सुरू होऊन थोड्या वेळाने बंद पडते, पुन्हा सुरू होते, पुन्हा बंद पडते, असे झाले तर संशय येथेच धरावा. नंतर पाहावी ती चालकाच्या मनगटाला बांधायची लाल दोरी. चालक पाण्यात पडला तर मोटर बंद व्हावी म्हणून ती असते. तिची चिमटी जागेवरून निसटलेली असली तर मोटर जन्मात सुरू होणार नाही, आणि गडबडीत हेच लक्षात येत नाही. मग नळीवरचा रबरी फुगा दाबून पाहावा. तो घट्ट झाला पाहिजे. एवढ्याने काम झाले नाही तर प्लग काढावा. ओला असला तर इंधन पोचते आहे, ठिणगीकडे पाहावे. कोरडा असला तर इंधनाकडे परत जावे. ओला प्लग पुसून, त्याच्या भोकातून साचलेले इंधन दोर ओढून बाहेर घालवून, चोक पूर्ण उघडा ठेवून पुन्हा प्रयत्न करावा. मोटर जोरात फिरते पण होडी हलत नाही, अशी तक्रार असेल तर तो इंजिनाचा दोषच नव्हे. पिन तुटली आहे.

शहरातील पुराचा एक स्वतंत्र उपद्रव आहे, तो प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा आणि नायलॉनच्या दोऱ्यांचा. त्या पंख्याच्या मागे दांड्याला गुंडाळत जातात आणि तेथील रबरी कडी कापतात. मग दात्यांच्या पेटीतील तेलात पाणी शिरते. पेटीचा खालचा स्क्रू सैल करून थेंबभर तेल बोटावर घ्यावे. दूध घातलेल्या चहासारखा रंग दिसला तर कडी गेली असे समजावे. आजची फेरी होईल, पण दाते फार दिवस टिकणार नाहीत.

होडी उलटून मोटर बुडाली, तर ती बाहेर काढून उन्हात वाळवणे हे अनेकांना स्वाभाविक वाटते. त्याहून घातक काही नाही. पाण्याखाली असेपर्यंत लोखंडाला हवा कमी मिळते. बाहेर काढताच गंज झपाट्याने धरतो. म्हणून ती गोड्या पाण्याने धुवावी, प्लग काढून भोके खाली करावीत, दोर हलके ओढून पाणी घालवावे, वाळूची करकर लागली तर जोर करू नये, सिलिंडरांत तेल ओतावे आणि दोनतीन तासांत ती चालू करावी. हे करणारा माणूस तेवढ्या वेळात मिळणार नसेल, तर मोटर परत गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवावी आणि माणसाची वाट पाहावी.

सुटे भाग हा शेवटचा प्रश्न. मोटर एका ठिकाणी बनते, इंपेलर दुसऱ्या शहरातून येतो, आणि ज्या कंपनीचे नाव झाकणावर आहे ती कदाचित बंद झालेली असते. म्हणून मोटर विकत घेतानाच तिच्याबरोबर दोन इंपेलर, चार प्लग, मूठभर पिना आणि एक जादा दोर घेऊन ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला लेखापरीक्षक हरकत घेतील, तर ती हरकत मी आनंदाने सोसेन.

मी ज्या कचेरीविषयी बोललो तेथे पुढच्या वर्षी पुन्हा जाणे झाले. जडसंग्रह नोंदवहीत मोटरीच्या पानावर कोणी तरी पट्टीने आखून तीन रकाने वाढवले होते: महिना, कितव्या ओढीला लागली, ओढणाऱ्याचे नाव. पहिल्या नोंदीत एका शिपायाचे नाव होते आणि पुढे लिहिले होते, ‘लागली नाही, कार्ब्युरेटर उघडला’. दुसऱ्या महिन्यात सतरावी ओढ. मे महिन्याच्या नोंदीत, त्याच नावापुढे, दुसरी.